हिरवं दिसलं म्हणून

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

यमुनाबाईंचं ऑपरेशन झालं. पित्ताशयातले खडे. ऑपरेशन करणारे सर खूश — चाळीस मिनिटांत आटपलं! नवीन एआय मशीन पडद्यावर रंग दाखवतं. हिरवं दिसेल तिथे कापा, लाल दिसेल तिथे हात लावू नका. सकाळी संमतीच्या कागदांवर अंगठा मीच घेतला. पाच पानं, तीही इंग्रजीत. बाई म्हणाल्या, "मशीन कापनार काय गो? मग डाक्टर काय करनार?" मी हसले आणि शाईचं पॅड पुढे केलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

बाईंचे डोळे पिवळे दिसतायत.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पित्ताशय काढताना त्याची छोटी नळी कापायची होती. मुख्य पित्तनळीच कापली गेली. मशीनने तिलाच हिरवं केलं होतं! बाईंना कोल्हापूरला हलवलं. वाचतील का, कोणी सांगत नाही. मुलगी वेदिका गाडीत चढताना म्हणाली, "खडे काढायला आनलेली वो मी आयेला." मला तिच्याकडे बघवलं नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

मीटिंग. सर म्हणतात, मशीनने चुकीचं दाखवलं. कंपनीचा माणूस म्हणतो, मशीन फक्त सुचवतं, निर्णय डॉक्टरांचा. मॅनेजर म्हणतात, पेशंटने अंगठा दिलाय. वा! म्हणजे चूक यमुनाबाईंची.

संताप झाला. आमची एक पद्धत होती. कापायची नळी बंद करणारी क्लिप लावण्याआधी सर मोठ्याने विचारायचे, "ही छोटी नळी ना, सिस्टर?" मी पडद्यावर नीट बघून 'हो' म्हटल्याशिवाय क्लिप त्यांच्या हातात द्यायची नाही. सोळा वर्षं पाळली. मशीन आलं आणि विचारणं सुटलं. त्या दिवशी विचारलं असतं तर मी थांबवलं असतं. हे सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं. सरांनी समोरची फाइल मिटली आणि ते उठले. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

बुधवार, १२ नोव्हेंबर

ऑपरेशनचं रेकॉर्डिंग असतं, आवाजासकट. वेदिकाला म्हटलं, लेखी माग. अर्ज मीच लिहून दिला. नोकरी गेली तर गेली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

बाई अजून आयसीयूत. दुसरं ऑपरेशन झालं, पित्त वाहून जायला पोटातून रबरी नळी बाहेर काढलीय. वेदिका फोनवर म्हणाली, "दीक्षा सिस्टर, तुमीच एक आमच्या बाजूच्या."

शनिवार, २२ नोव्हेंबर

रेकॉर्डिंग मिळालं. वेदिकाला समजावून सांगायचं म्हणून आधी एकटीनेच बघितलं. अठ्ठाविसावं मिनिट. पडद्यावर नळी हिरवी. सरांचा आवाज —

"ही छोटी नळी ना, सिस्टर?"

आणि लगेच माझा —

"हो सर. हिरवंच आहे."