बाबांच्या ट्रकची दुसरी नळी

शुगर लँड, टेक्सस
३ मार्च २०२४

ती. त्र्यंबककाकांस,
सिद्धेशचा सा. न. वि. वि.

आधी कच्चं लिहिलं, त्यात खाडाखोड फार झाली, म्हणून हे पक्कं. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, त्यामुळे आमच्या भागात भारतात टपाल पाठवणारा मी एकटाच असेन. गॅरेजात माझ्याबरोबर कबीर नावाचा वेल्डर आहे, मूळचा नागपूरचा. तो चिडवतो की यार, तुझं लग्न ठरलंय आणि तू लपवतोयस.

आई बरी आहे. बाबा गेल्यापासून बोलणं कमी झालंय, पण देवपूजा, स्वयंपाक, लायब्ररीतलं काम सगळं वेळच्या वेळी चालू आहे. एकच गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते. संध्याकाळी मी कामावरून आलो की ती दारात चहाचा कप घेऊन उभी असते. चहा बिनसाखरेचा असतो, बाबांना डायबेटीसमुळे लागायचा तसा. तिच्या लक्षात राहत नसावं असं वाटून मला काळजी वाटते. मी न बोलता पितो.

आता पत्राचं कारण. बाबांचा पिकअप ट्रक मीच चालवतो. माझी छोटी गाडी ठीक आहे, पण आई रोज म्हणते की ट्रकच घेऊन जा, उभा राहून खराब होईल. त्याला मागे धुराची एकच नळी आहे, उजव्या बाजूला. बाबांना दोन हव्या होत्या, दोन्ही बाजूंना एकेक. पाइपलाइनच्या साइटवरून परतताना असा एखादा ट्रक पुढे लागला की ते काच खाली करून ऐकायचे. मागच्या बंपरखाली डावीकडे त्यांनी खडूने एक गोल काढून ठेवला होता. दुसरी नळी इथून बाहेर येईल, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

मी कॉलेज अर्धवट सोडून सायलेन्सरच्या गॅरेजात लागलो, तेव्हा ते माझ्याशी बरेच दिवस बोलले नव्हते हे तुम्हाला माहीत आहे. मग एका रविवारी ते बाहेर ड्राइव्हवेमध्ये माझ्यापाशी आले आणि म्हणाले, नीट शिकलास की माझा ट्रक तूच करायचा, दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही. माझ्या कामाबद्दल ते एवढंच बोलले. ते काम राहून गेलं.

तीस मार्चला त्यांचा वाढदिवस. त्या दिवशी करावं असं मनात आहे. तुम्ही घरातले मोठे, म्हणून परवानगी मागतो. जुना सायलेन्सर तसाही जोडापाशी कुजलाय. कोपऱ्यावरच्या स्टॉप साइनपासून निघताना आधी फुरफुरतो, मग दोनदा ठसकतो. हेच काम करणाऱ्याच्या ट्रकने असा आवाज करावा याची मला लाज वाटते.

आईला सांगितलेलं नाही. तिला एकदम दाखवायचं आहे.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
सिद्धेश


कराड
२२ मार्च २०२४

चि. सिद्धेश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अक्षर आता माझ्यापेक्षा चांगलं झालंय. नवव्या वर्षी परदेशी गेलेल्या पोराचं हे अक्षर म्हणून शेजारी दाखवलं, तर कुणाचा विश्वास बसेना.

एसटीच्या वर्कशॉपमध्ये माझे कान गेले ते असल्याच आवाजांत, आणि तू मला आवाजाबद्दलच विचारतोस. मी आता बॉनेटवर हात ठेवून इंजिन ओळखतो. असो. काम करायला माझी हरकत नाही. तुझ्या बाबांनी, देवदत्तने, तुला सांगितलेलं काम तूच करावंस. धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरला हात लावू नकोस. डावी नळी टाकीच्या आणि स्टेपनीच्या जवळून जाईल, तिथे पत्र्याचा आडोसा घाल. आणि आमची वर्कशॉपची एक रीत पाळ. काढलेला जुना भाग वर्षभर टाकायचा नाही, लाकडी खोक्यात ठेवायचा. का, ते आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं.

पण एक कर. आधी सुवर्णाला, तुझ्या आईला, विचार. तुझी काकू गेली, त्यानंतर सुनेने स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करून घेतला. तो वर्षानुवर्षं ठिबकायचा आणि तुझी काकू त्याखाली पातेलं ठेवायची. मला तर ठिबकणं ऐकूही येत नव्हतं. तरी पातेलं जागेवर दिसेना, तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही. म्हणून म्हणतो, विचार.

प्रकृतीला जप. म्हाताऱ्याची आठवण ठेव म्हणजे झालं.
तुझा,
त्र्यंबककाका


शुगर लँड
७ एप्रिल २०२४

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल आलं. काम त्याआधीच्या शनिवारी झालं. मी उत्तराची वाट पाहायला हवी होती. पण वाढदिवस टळला असता तर पुन्हा वर्षभर थांबावं लागलं असतं, असं तेव्हा वाटलं.

आधी काम सांगतो. शनिवारी गॅरेज लवकर बंद होतं, मालकाने लिफ्ट वापरू दिली. कबीर मदतीला होता, पण वेल्डिंग सगळं मी केलं. कन्व्हर्टरला हात लावला नाही. टाकीपाशी पत्रा घातलाय, तुमचं पत्र न वाचताच. डावी नळी बाहेर आली तेव्हा ती बाबांच्या खडूच्या गोलात बरोबर बसली. खडू पुसट झाला होता, तरी दिसत होता. मग ट्रक सुरू केला. काका, फुरफुर नाही, ठसका नाही, दोन्ही बाजूंनी सारखा, खोल, भरलेला आवाज. मला वाटलं, बाबांनी काच खाली केली असती.

नेहमीच्याच वेळी घरी आलो. कोपऱ्यावर थांबलो, वळलो, ड्राइव्हवेमध्ये उभा केला. दार उघडलं नाही. किल्लीने उघडून आत गेलो तर आई भाजी चिरत होती. मला पाहून दचकली आणि म्हणाली की तू कधी आलास. शेगडीवर काही नव्हतं. मी तिला बाहेर नेलं, दोन्ही नळ्या दाखवल्या, सुरू करून ऐकवलं. तिने खडूच्या गोलावरून हात फिरवला. छान झालंय, म्हणाली, त्यांच्या मनासारखं झालंय. मग इतकंच विचारलं की जुनं कुठे आहे.

जुनं त्याच दुपारी भंगारवाला घेऊन गेला होता. तसं सांगितलं. ती बरं म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवसापासून दारात चहा नसतो. मी आलो की मग ती आधण ठेवते. ट्रकच घेऊन जा असंही आता म्हणत नाही. तुमच्या पत्रातला नळाचा मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचला. माझं काय चुकलं ते मला नीट कळत नाही, पण काहीतरी चुकलं आहे. तुम्हाला कळलं असेल तर लिहा.

तुमचा आशीर्वाद आजवर होता, तो काढून घेऊ नका.
सिद्धेश


शुगर लँड
११ एप्रिल २०२४

ती. भाऊजींस,
सुवर्णाचा शिरसाष्टांग नमस्कार.

लग्नानंतर तुम्हाला मी पहिल्यांदाच स्वतंत्र पत्र लिहिते आहे. आजवर यांच्या पत्राखाली दोन ओळी खरडायचे, त्याची सवय. सिद्धेशने तुम्हाला ट्रकबद्दल लिहिलं असणार, म्हणून घाईने लिहिते.

हे साइटवरून यायचे, तेव्हा कोपऱ्यावर ट्रक फुरफुरायचा आणि दोनदा ठसकायचा. ते ऐकलं की मी आधण ठेवायचे. कोपऱ्यापासून दारापर्यंत येईतो चहा होत असे. हे गेले, आणि पंधरवड्याने सिद्धेशने ट्रक बाहेर काढला. संध्याकाळी तो आवाज आला आणि माझा हात आपोआप पातेल्याकडे गेला.

मला वेड लागलेलं नाही, भाऊजी. दारात सिद्धेश असणार हे मला रोज माहीत असायचं. पण कोपऱ्यापासून दारापर्यंत हे येत असायचे. तेवढ्या वेळात मी यांचा चहा करायचे. दार उघडलं की ते संपायचं, आणि कप हातात असायचा म्हणून पोराला द्यायचे. त्या बिचाऱ्याने कधी साखर मागितली नाही.

आता तो आवाज नाही. तुम्ही त्याला यातलं काही लिहू नका, एवढं मागणं आहे. यांनी त्याला आयुष्यात एकच काम विश्वासाने सांगितलं होतं आणि ते त्याने फार सुंदर केलंय. ते चुकलं असं त्याला वाटू नये. मी सावरेन.

वडीलकीची माया आमच्यावर राहू द्यावी.
सुवर्णा


शुगर लँड
२ जून २०२४

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं मेमधलं पत्र मिळालं. त्यात कराडचा उन्हाळा होता, नातवाचा निकाल होता, आंब्याचा भाव होता. ट्रकबद्दल एक अक्षर नव्हतं. मी विचारलं आणि तुम्ही उत्तर दिलं नाही, असं कधी झालेलं नाही. तेव्हाच मला समजलं की तुम्हाला कुणीतरी गप्प राहायला सांगितलंय, आणि असं सांगणारं माणूस एकच आहे.

मग बिनसाखरेच्या चहाचा अर्थ लागला. तो चहा विसरून झालेला नव्हता, कोपऱ्यावरचा जुना आवाज ऐकून ती तो बाबांसाठी ठेवायची.

मी भंगाराच्या यार्डात गेलो. आमचा सायलेन्सर कधीच चेपला गेला होता. ह्यूस्टनच्या आसपासची यार्डं कबीरबरोबर पालथी घातली आणि त्याच वर्षाच्या तशाच ट्रकचा एक मिळवला. सुटीच्या दिवशी गॅरेजात तो तात्पुरता बसवला. जोडापाशी ड्रिलने भोक पाडलं, मग थोडं मोठं केलं, मग शेजारी आणखी एक. फुरफुर आली. ठसका एकदाच आला, तोही भलत्या ठिकाणी. आम्ही दिवसभर करत राहिलो. शेवटी कबीर म्हणाला की यार, भोक कुठेही पाडता येतं, पण तुझे बाबा ज्या रस्त्यांवरून गेले ते रस्ते त्यात कसे घालणार. मी सगळं उतरवलं आणि दोन नळ्या पुन्हा चढवल्या. तो सायलेन्सर तुमच्या रीतीप्रमाणे खोक्यात ठेवलाय. आमचा नाही, तरी ठेवलाय.

आईला यातलं काही सांगितलं नाही. तिनेही मला काही सांगितलेलं नाही. आम्ही दोघं एकमेकांना जपत एका घरात वावरतो आहोत.

हे पत्र लिहायला बसलो त्याचं कारण परवाचं आहे. संध्याकाळी कोपऱ्यावर थांबलो, वळलो, ट्रक उभा केला. दार उघडं होतं. आई कप घेऊन उभी होती. म्हणाली की आता तुझाही आवाज ओळखता येतो, कोपऱ्यावरूनच कळलं तू आलास ते.

मी तिथेच पायरीवर बसून घोट घेतला. चहात साखर होती, काकू घालायच्या तशी भरपूर, मला लहानपणी आवडायची तेवढी.

पुढचा घोट मला घेता आला नाही. आई आत गेल्यावर मी कप तसाच हातात धरून बसलो. एवढे महिने बाबा रोज कोपऱ्यापर्यंत यायचे, काका. आता फक्त मी येतो.

तुम्ही गप्प राहिलात, त्याबद्दल पाया पडतो. तिला पत्र लिहा. माझ्यावर रागावला असाल तरी लिहीत राहा.
सिद्धेश