भरली बादली

रविवार, १३ मे १९७३, सोलापूर

सांगोल्याची विहीर आटल्यापासून मामा माझ्याकडेच आहेत. आज त्यांना सात रस्त्याजवळच्या थिएटरात इंग्रजी पिक्चरला नेलं. त्यात जग उजाड झालंय, माणसं पाण्यासाठी एकमेकांचे जीव घेतायत. हिरो म्हणायचा तर तोही लुटारूच. त्यानं डझनभर माणसं मारली, प्रेक्षक निवांत शेंगा खात होते. मग रक्ताळलेले हात धुवायला त्यानं भरली बादली ओतली, आणि सगळं थिएटर हळहळलं. मामा तर उभे राहून ओरडले, "आरं, पानी सांडतंय की!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हळहळले मीही. माणसं मेली तेव्हा का नाही?

येताना विचारलं, "कसा वाटला हिरो?"

"जिवावर बेतलं की मारतंय मानूस, पोरी. पर भरली बादली कुनी वततं व्हय?"

घरी आले तर नळाला पाणी आलेलं. सवयीनं माठातलं शिळं पाणी मोरीत ओतलं, ताजं भरायला. मागे वळले तर मामा दारात उभे.

या वेळी ओरडले नाहीत. माझ्या घरी ते पाहुणे आहेत ना.