पुनमच्या लेझरच्या सोबतीला

पिंप्राळा, जळगाव
चैत्र, ऊन डोक्यावर

माझा धाकटा पण स्वतःला थोरला समजणारा भाऊ झुलाल यास अक्काचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, माझे गुडघे सोडून. तुझं पित्त कसं आहे? दुधीचा रस पितोस की तुळशीत ओततोस, ते तुझ्या बायकोला विचारून कळव, तुझ्या मनाने कळवू नकोस. पत्र लिहिते कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी श्वास घ्यायला थांबले की तू सुरू होतोस. कागदावर तसं करता येत नाही. अक्षर चौथीपर्यंतचं आहे, लावून लावून वाच.

होळीला तू आलास, पुरणपोळ्या खाल्ल्यास (किती ते लिहीत नाही, पित्ताचं कारण मात्र कळलं) आणि हात धुता धुता आमच्या नवलला म्हणालास की तुझी पोरगी कारखान्या-कारखान्यांतून फिरते ते बरं दिसत नाही, शिरपूरचं स्थळ चांगलं आहे, ते लोक नोकरी सोडा म्हणतात तर सोडावी. निघताना पायरीवर मलाही म्हणालास, "अक्का, पोरले एकलीले धाडू नको." नवल माझ्या पोटचा, पण मान हलते ती मामाच्या शब्दाला. त्याने त्याच दिवशी पुनमला सांगितलं, महिना भरला की राजीनामा दे. तेव्हापासून पोर ताटावर बसून नुसती भाकरी मोडत होती. मग मी नवलला म्हटलं, मामाला सोबत हवी ना, मी जाते. तिचं काम काय आहे ते डोळ्यांनी बघते आणि मामाला मीच कळवते. तोवर राजीनामा नाही. नवल कबूल झाला (आईला नाही म्हणायला त्याला मामा जवळ लागतो, आणि मामा तेव्हा धुळ्याला होता).

तर पुनमच्या कामाला आम्ही दोघी नरडाण्याला गेलो. सुरतेकडची गाडी, गर्दी, बरोबर पुनमच्या दोन जड पेट्या. समोरच्या बाईने विचारलं, भजनी मंडळ का? मी हो म्हटलं. लेझर समजावून सांगत बसले असते तर बाईचं स्टेशन निघून गेलं असतं. पण तुला समजावते, तू कुठे उतरणार आहेस. कारखान्यात कंप्युटरवर चालणारं मोठं लोखंडी मशीन असतं, ते लोखंड कापतं. त्याला सांगितलं इतकं सरक, की ते सरकतं आणि म्हणतं, सरकलो. पण खरंच तितकं सरकलं का? ते पुनम बघते. तिपाईवर तिचा डबा ठेवते, त्यातून लाल उजेडाची सरळ रेघ निघते, मशीनवर बसवलेल्या काचेवर आपटते आणि परत येते. त्यावरून मशीन किती खोटं बोललं ते तिच्या कंप्युटरवर उमटतं. केसाच्या जाडीचे बारीक बारीक तुकडे केले तर त्यातला एक तुकडा, एवढी चूकसुद्धा दिसते. माझ्या सासूबाईंनंतर इतकी बारीक चूक काढणारं मी कुणी पाहिलं नव्हतं.

आम्ही कारखान्यात शिरलो तेव्हा तिथला फोरमन गिरधर, तोंडात तंबाखू, पुनमकडे बघून म्हणतो, "मॅडम, साहेब कव्हय येतीन?" पुनमने वायरीचा बोर्ड मागितला. मी तिच्याकडे बोट करून म्हटलं, "साहेब उनात. आते बोर्ड दे." साहेब आल्यात म्हटल्यावर दिला.

आता जे झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. पुनम मालकांशी, हेमराजशेठशी, बोलायला बाहेर गेली. इकडे तिचं सगळं मांडून झालेलं, काच अशी लखलखीत, आणि त्या काचेच्या कपाळी काही नाही. कामाला सुरुवात आणि हळदकुंकू नाही, हे मला बघवेना. पिशवीत करंडा होताच. लावलं. मधोमध, ठसठशीत. पोर परत आली, तर रेघ जाते पण येतच नाही. तिने तिपाई हलवली, वायर काढली, परत लावली, घामाघूम झाली. गिरधर भिंतीला टेकून हसत होता, आणि मला वाटत होतं की मशीनच खोडसाळ आहे. शेवटी तिने काच हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही, झुलाल. औषधाचे थेंब घालून, मऊ कागदाने हलक्या हाताने पुसत बसली आणि म्हणाली, आजी, पेटीला लाव, पेटीला चालतं. गिरधर मोठ्याने हसला तेव्हा मी त्याला विचारलं, तुमच्या मशीनवर दसऱ्याचं स्वस्तिक कुणी काढलं आणि लिंबू-मिरची कुणी बांधली? हसू गिळलं त्याने, बहुतेक तंबाखूही. पेटीला मी दुसऱ्यांदा लावलं, चांगलं बोट भरून, आणि पुढेही लावणार. तू माफीची वाट बघत असशील तर बस बघत.

खरी लढाई कूलरची. वारा हलला की त्या लाल रेघेचं माप थरथरतं. पुनम म्हणाली, कूलर बंद, दार बंद, माणसं बाहेर. चैत्रातलं ऊन, वर पत्र्याचं छप्पर. हेमराजशेठ म्हणाले, जरा वाऱ्याने काय होतं, आधीचा माणूस तर कूलर लावूनच माप घेऊन गेला. पुनमने त्यांना बोलावून कंप्युटर दाखवला. कूलर चालू तर आकडा नाचतोय, बंद केला की गप्प. शेठ बाहेर गेले. पण गिरधरला चैन पडेना, तो घडी घडी दार किलकिलं करून डोकावायचा आणि प्रत्येक वेळी पोरीला पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. मग मी स्टूल दाराला लावून त्यावर बसले. ढकलून पाहिलं त्याने. मी हलले नाही, आपल्या घराण्याचं वजन तुला माहीत आहे. थोड्या वेळाने स्वतः शेठ आले.

"आजी, कारखाना माझा आहे."

"असू दे. आत माझी नात आहे. ती सांगेल तेव्हा दार उघडेल."

गेले बिचारे चहाच्या टपरीवर. आणि मला अंगातून असा घाम, की मी सहज पदराने वारा घेतला. पुनमने मागे न बघता म्हटलं, "आजी, पदर." माझ्या पदराचा वारा तिला तिथे आकड्यात दिसला. त्यानंतर मी हात मांडीवर ठेवून बसले. तू असतास तर कूलरला मिठी मारली असतीस.

निघालं काय, तर ते मशीन जाताना बरोबर जातं आणि परत येताना थोडं मागेच राहतं (तुझं सासुरवाडीहून येणं आठवलं). गिऱ्हाइकांकडून माल परत येत होता तो त्यामुळे, आणि शेठ इतके दिवस गिरधरच्या नावाने ओरडत होते. पुनमने शेठसमोर सरळ सांगितलं, हाताची चूक नाही, मशीनची आहे. मग तिने ती खोड मशीनच्या कंप्युटरमध्ये भरली, म्हणजे आता ते आपली उणीव धरूनच चालतं. पुन्हा मापलं, चोख आलं. गिरधरने तंबाखू थुंकून, चूळ भरून, पुनमला बशीने झाकून चहा आणला आणि मॅडम म्हणाला, या वेळी नीट म्हणाला.

तर माझं सांगणं असं. राजीनामा नाही. शिरपूरच्या लोकांना सांग, मुलगी हवी असेल तर नोकरीसकट, नाहीतर तिथे दुसऱ्या मुली आहेत. नवलला मी सांगितलं आहे, तो मान हलवतोय. तू ती परत उलटी हलवायला लावलीस, तर दिवाळीला ओवाळायला मी नाही. तुझं तू ओवाळून घे.

तुझी अक्का,
भिकुबाई

ता. क. : येत्या सोमवारी पुनमला दोंडाईच्याला काम आहे. माझे गुडघे धरलेत. सोबत हवी हा नियम तुझाच, तेव्हा धुळ्याहून येऊन नरडाण्याला गाडीत चढ, ती दार धरून उभी असेल. पाणी आपलं आण. टोपीने वारा घेऊ नकोस, दिसतं.

ता. क. दुसरं : पुनमने हे वाचलं आणि हसत बसली. म्हणते, आजी, नाशिकला आणि वापीला मी एकटीच जाऊन आले, ते का नाही लिहिलंस? नवललाही ते ठाऊक होतं, तुझ्यापुढे बोलायची हिंमत नव्हती. तिला सोबत लागत नाही, झुलाल. मला तो लाल उजेड बघायचा होता, आणि मला एकटीला कारखान्यात कोण आत घेणार? मी तिची सोबत केली नाही, तिने माझी केली. तरी तू सोमवारी ये. तुलाही एकट्याला कुणी आत घेणार नाही.