जाड तेलाचे फायदे

३ ऑगस्ट, रविवार, सकाळी ६.४०
दादाच्या गाडीखाली पाठीवर पडून जुनं तेल उतरवत होतो, तेव्हाच ठरवलं, रोजनिशी ठेवायची. उद्या गॅरेज मोठं झालं की सुरुवात कशी झाली ते कुठेतरी लिहिलेलं हवं.
दादा कालच जहाजावर गेला. डिसेंबरात येणार तो कायमचा. मग ही टर्बो पेट्रोल गाडी विकायची आणि त्या पैशांत आमचं गॅरेज. मॅनेजर मी. जाताना सांगून गेला, आठवड्यातून एकदा फिरव आणि पुस्तकात लिहिलंय तेच तेल घाल. त्यासाठी सहा हजार देऊन गेला.
पुस्तकातलं तेल पाण्यासारखं पातळ. एवढ्या ताकदीच्या इंजिनाला ते म्हणजे पैलवानाला मलमलचा सदरा. मी चार वर्षं बस डेपोच्या स्टोअरमध्ये आहे. आमच्या बस लाखो किलोमीटर धावतात त्या डिझेल इंजिनाच्या जाड तेलावर. दादाचं अख्खं जहाज डिझेलवर चालतं. तरी हे त्याला सुचू नये? शिक्षणाने माणूस पुस्तकाबाहेरचं बघत नाही. (माझं शिक्षण दुसऱ्या वर्षाला थांबलं, कारण फीचे पैसे दादाच्या कोर्सला गेले. तक्रार नाही. फक्त नोंद.)
डेपोच्या सवलतीत तेल दीड हजारात. साडेचार हजार वाचले.

६ ऑगस्ट
कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी तेलाची कांडी ओढून बघितली. विचारलं, हे कुठल्या ट्रकचं रक्त चढवलंस हिला? मी शांतपणे सांगितलं की डिझेलच्या तेलात झीज रोखणारं झिंक जास्त असतं, मी वाचलंय. म्हणाले, एवढं वाचलंस तर गाडीचं पुस्तकही वाच की. ते काय तिच्या माहेरच्यांनी लिहिलंय म्हणून खोटं?
उद्याचा स्पर्धक समोर दिसला की माणूस असंच बोलतो.

१७ ऑगस्ट, रविवार
इंजिन लोण्यासारखं. नियम केला: गाडीला त्रास द्यायचा नाही. फेऱ्यांचा काटा पंधराशेच्या वर नाही. टॉप गिअर लवकर टाकायचा आणि चढावरही तोच ठेवायचा, फक्त पाय दाबत राहायचं. वहिनी शेजारी होत्या. म्हणाल्या, भाऊजी, गिअर बदला की, म्हातारं माणूस जिना चढतंय असं वाटतंय. त्यांना गाडीतलं कळत नाही.

२ सप्टेंबर
वाचलेल्या पैशांतून व्हिजिटिंग कार्डं छापली. पाचशे, जाड कागद, सोनेरी कडा. प्रूफ तीनदा तपासलं. छापणाऱ्याने ‘दुरुस्ती’मधला रु दीर्घ केला होता, तो ऱ्हस्व करून घेतला. माझं नाव वर, दादाचं खाली. वयाने तो मोठा, पण रोजचा कारभार मीच बघणार.
पहिलं कार्ड मिस्त्रींना दिलं. त्यांनी ते खिशात ठेवलं आणि पुन्हा पाना उचलला. बहुतेक लागलं.

२१ सप्टेंबर, रविवार
चढावर इंजिनातून ‘टक्क’. एकदाच. दगड उडाला असणार.

२८ सप्टेंबर
आज तीन दगड. रस्ते विभागाला अर्ज लिहिला. अर्ज चांगला जमला.

५ ऑक्टोबर
रस्ता नवा कोरा, तरी टक्क. म्हणजे पेट्रोलमध्ये भेसळ. पंप बदलला. शिवाय आणखी जपायचं ठरवलं. काटा आता बाराशेवर.

१९ ऑक्टोबर
दादाचा फोन. गाडी कशी आहे? म्हणालो, फुलासारखी जपतोय. तेल कुठलं घातलंस? म्हणालो, चांगल्यातलं. हे खोटं नाही.
वहिनींनी गॅरेजसाठी जागा बघून ठेवली आहे. रोज तिकडून चक्कर मारून येतात. दादा घरी राहणार म्हणून पडदेही बदलले.

९ नोव्हेंबर, रविवार
वहिनींना जागा दाखवायची होती. त्याच चढावर, टॉप गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबलेला. टक्क नाही, धाडकन. मागून निळा धूर. वहिनी म्हणाल्या, हाही दगडच का?
गाडी दोरी बांधून मिस्त्रींकडे नेली. दुसरं जवळ कुणी नव्हतं.

१३ नोव्हेंबर
इंजिन उघडलं. एका पिस्टनचा तुकडाच उडालाय. धातूच कच्चा असणार. कंपनीला लिहायला हवं.
मिस्त्रींना खर्चाचा अंदाज लिहून मागितला. कागद शोधत होते. मग खिशातून माझंच कार्ड काढलं, पालथं केलं आणि त्यावर आकडा लिहिला. सोनेरी कडेपर्यंत गेला.

६ डिसेंबर
दादा आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. पिस्टन हातात घेऊन तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग सांगितलं, डिझेलच्या तेलातली साफसफाईची द्रव्यं या इंजिनाला चालत नाहीत. कमी फेऱ्यांवर जोर मागितला की पेट्रोल ठिणगीच्या आधीच पेटतं आणि पिस्टनवर हातोडा बसतो. म्हणाला, चार पोरांसारखी उडवली असतीस तर कदाचित वाचली असती. तू जपून मारलीस.
कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं. म्हणाला, शुद्धलेखन चोख आहे.

१० डिसेंबर
जागा दुसऱ्या कुणाला गेली. दादाने जहाजाचा करार पुन्हा केला, दोन वर्षांचा. वहिनींनी जुने पडदे लावले. मला ताट वाढतात, पण आणखी हवं का, असं विचारत नाहीत.
मी दादाला म्हणालो, निदान जाड तेलाने बाकीचे तीन पिस्टन तरी टिकले. तो बॅग भरत राहिला.

१४ डिसेंबर, रविवार
दादा पहाटे गेला. हिशेब मांडला:
मिळाले: ६,०००
तेल: १,५००
कार्डं: ४,५००
शिल्लक: शून्य (कार्डं ४९९)
इंजिन, कार्डामागच्या आकड्याप्रमाणे: २,८०,०००
दादाला देणं: २,८०,०००
वहिनी मागून वाचत होत्या, मला कळलं नाही. म्हणाल्या, भाऊजी, खाली दोन वर्षंही लिहा.
पट्टीने ओळ आखली. मग कुठल्या रकान्यात घालायचं ते कळेना, म्हणून ती तशीच ठेवली आहे.