वादळात सोललेले वाल

आई, इथे जर्सी सिटीत दोन दिवस समुद्रावरून आलेलं वादळ होतं. नदीपलीकडचं मॅनहॅटन शुक्रवारी संध्याकाळीच दिसेनासं झालं, शनिवारी ट्रेन बंद पडली आणि आमच्या विसाव्या मजल्याच्या काचा शिट्ट्या मारायला लागल्या. नेमक्या याच वीकेंडला तुझ्या नातीच्या होणाऱ्या सासूबाई दक्षिणेकडच्या अल्फारेटाहून विमानानं माझ्याकडे राहायला आल्या होत्या. नात तू पाहिलीच नाहीस. तू गेल्यावर ती झाली, आणि माझा संसार मोडला तोही त्यानंतरच, म्हणजे दोन्ही बातम्या तुला आज एकदम देतेय.

विहीणबाई तशा भल्या आहेत. पण मागे फोनवर त्यांनी सहज विचारलं होतं, कन्यादानाला मुलीचे मामा-मामी येतील ना पुण्याहून? मी 'बघू' म्हणून वेळ मारून नेली. मामा-मामी कशाला? लेक मी एकटीनं वाढवली, तर कन्यादानाला बसेन तीही मीच, हे माझं केव्हाच ठरलंय. नदीपलीकडच्या एका छान रेस्टॉरंटमध्ये, पोटं भरल्यावर, विषय काढायचा बेत होता. वादळानं रिझर्व्हेशन कॅन्सल झालं. विहीणबाई सोफ्यावर ताठ बसून पाऊस बघत होत्या, मी चहावर चहा करत होते, आणि शनिवारभर हवामानाविषयी बोलून आम्ही दोघी दमलो.

मग मला तुझं पेणचं स्वयंपाकघर आठवलं. माझ्या शाळेच्या मोठ्या बाई पहिल्यांदाच घरी आल्या आहेत, मी लाजेनं अर्धी झालेय, आणि तू खुशाल त्यांच्यापुढे मोड आलेल्या वालांची परात सरकवतेस. मी तुला दारामागे ओढलं, तर तू मलाच झापलंस. "नुसतं बसवून ठेवलं तर भिंतीचे पोपडे मोजत बसतील. हात गुंतले की बोलतील." आणि बाई बोलल्या की! जाताना तुझ्याकडून उसळीची कृती विचारून गेल्या.

रविवारच्या जेवणासाठी मी वालांना मोड आणलेलेच होते. फ्रीझरमध्ये सोललेल्या डाळिंब्यांचं पाकीटही होतं, ते मटारांच्या मागे ढकललं आणि कोमट पाण्यातले वाल परातीत घेऊन विहीणबाईंसमोर येऊन बसले. लेक माझ्या कानाशी कुजबुजली, "आई, प्लीज. त्या गेस्ट आहेत." मी ऐकलं नाही. त्यांनी बांगड्या वर सारल्या, पहिलाच वाल असा दाबला की तो टुणकन उडून सोफ्याखाली गेला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्या मोकळ्या हसल्या. मग त्यांच्या आईच्या, माहेरच्या, नव्यानं अमेरिकेत आल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून रडायच्या त्या दिवसांच्या गोष्टी निघाल्या. त्या ओघातच मी म्हटलं, "कन्यादानाला मीच बसणार. एकटी."

पाऊस काचेवर आपटत होता. त्या वाल सोलत राहिल्या. मला वाटलं, झालं, बिनसलं. मग मान वर न करता त्या म्हणाल्या, "बसा ना. पण नवऱ्याच्या जागी शेजारी सुपारी-बिपारी मांडायची नाही. गुरुजींशी मी बोलते." तू हवी होतीस असं मला इतकं वाटलं, की मी उगाच पाणी बदलायला आत गेले.

उसळ झकास झाली. आज ऊन पडलंय, विहीणबाई घरी पोचल्या आणि लेकीला मी परातीची गोष्ट ऐटीत सांगतेय, की पाहुण्यांना बोलतं कसं करायचं ते आमच्या घराण्याला ठाऊक आहे. हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून तुला तेवढं खरं सांगते. माझे हात मोकळे असते तर कन्यादानाचं ते वाक्य माझ्या तोंडून निघालंच नसतं. ते मी वालांकडे बघत म्हटलं.