कर्नाळ्यातली पाटी

पनवेल,
२९ जानेवारी १९९२

प्रिय वसू,

अनेक आशीर्वाद. चंद्रपूरची थंडी तुला आणि धर्मराजरावांना मानवली असेल असं धरून चालतो. इकडे सगळे खुशाल. म्हणजे रमा खुशाल आहे. माझं सांगतो.

वनखात्याने माझ्यावर घोर अन्याय केला आहे. कर्नाळ्याच्या अभयारण्यात गडाच्या वाटेवर त्यांनी 'शांतता राखा' अशी एक लोखंडी पाटी रोवली आहे, ती वाटेच्या इतकी आत, की सरळमार्गी माणसाचा उजवा खांदा तिच्यावर आपटलाच पाहिजे. माझा आपटला. त्यावर मी जो शब्द उच्चारला त्याने शांतता भंगलीच, शिवाय मागून येणाऱ्या माधुरीबाईंनी कानांवर हात ठेवले. मी तक्रारअर्ज लिहायला घेतलाय. 'जनतेच्या खांद्यांचा काडीमात्र विचार न करता' असं एक झकास वाक्य जमलंय.

अडचण एवढीच, की बाकीच्या जनतेचा खांदा आपटत नाही. फाटकापाशी काकड्या विकणाऱ्या गंगाबाईची साक्ष काढायला गेलो, तर ती काकडीला मीठ लावता लावता म्हणाली, "सायेब, पाटी कवापासनं तितंच हाय. ती नाय सरकली. तुमीच सरकलात."

काकडीही कडू निघाली.

हे सगळं परवाच्या रविवारचं. यंदा सव्वीस जानेवारी रविवारी आली आणि आमची एक सुट्टी गिळून बसली, त्या दुःखात आमच्या पक्षीमंडळाने सहल काढली. तुला माहीत आहे, मी पुढे चालतो, बोट दाखवतो आणि बाकीचे माना वर करतात. त्या दिवशी उलटंच चाललं होतं. "ते बघा, फांदीच्या डावीकडे!" मी तुझी दुर्बीण लावायचो. आधी फांदी सापडायची नाही. फांदी सापडली की डावीकडचं काही सापडायचं नाही. "वा, सुरेख," म्हणून मी वेळ मारून नेली. असं बऱ्याचदा झालं. शेवटी ठरवलं, कुणी आणखी काही दाखवायच्या आत आपणच काहीतरी दाखवावं. सावरीच्या शेंड्यावर पांढरंशुभ्र, लांब शेपटीचं, वाऱ्यावर हलणारं काहीतरी दिसलं. हात वर करून, आवाज खाली आणून मी जाहीर केलं, "स्वर्गीय नर्तक. नर. पूर्ण वाढलेला."

संक्रांतीचा कटलेला पतंग होता, वसू. कागदी शेपटीसकट.

आणि आपल्या लोकांचा सभ्यपणा बघ. सगळ्यांनी वह्या काढून निमूट लिहून घेतलं. माधुरीबाई तर म्हणाल्या, "किती स्थिर बसलाय ना!" तेवढ्याने हुरूप येऊन मी त्याच्या विणीच्या हंगामावर बराच वेळ बोललो.

परतीच्या एसटीत रमा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अहो, तुमच्या पक्ष्याला मांजा होता."

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"पाटीवर आपटलात, पायरी चुकलात, शेजारून कुणी चहा पुढे केला तर कप दिसला नाही. तेव्हा बोलले नाही. पतंगाचं काय घेऊन बसलात? डॉक्टरकडे चला."

तुला अण्णांचं आठवतं ना? ताटात डावीकडे वाढलेली चटणी त्यांना दिसायची नाही, आणि वाढलीच नाही म्हणून आईवर ओरडायचे. आपल्याला वाटायचं, वयाने तापट झालेत. मग ते दार सोडून चौकटीवर जायला लागले. शेवटी तू त्यांना हाताला धरून वडाळे तळ्यावर न्यायचीस आणि बगळे कुठे बसलेत ते सांगायचीस.

काल डॉक्टरांनी तेच नाव घेतलं. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेने जाते, समोरचं दिसत राहतं, म्हणून माणूस पाट्यांवर खटले भरत बसतो. गेलेलं परत यायचं नाही, उरलेलं थेंब घालून राखायचं. किती उरलंय ते सोमवारी मुंबईच्या तपासणीत कळेल. तोवर मी एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरात सोमवार शोधत बसतो. आज रमाने कॅलेंडर उतरवून ठेवलं.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "भावंडं?" म्हटलं, एक धाकटी बहीण आहे. "तिला कळवा. लगेच." म्हणून कालच लिहायला बसलो, आणि बघ, एवढा वेळ तुला पाटीच सांगत बसलो.

दिवाळीत तू आमच्या दारातल्या रांगोळीवर पाय दिलास. मी तुला वेंधळी म्हणून सगळ्यांदेखत हसलो, तूही हसलीस. कालपासून ती रांगोळी डोळ्यांपुढून हलत नाही. ती दाराच्या मधोमध नव्हती, वसू. कडेला होती.

कदाचित नुसताच वेंधळेपणा असेल. तसा असू दे, मी जन्मभर हसेन. पण तपासून घे. चंद्रपुरात सोय नसेल तर नागपूरला जा. चष्म्याचा नंबर काढून भागायचं नाही, अण्णांचं आणि माझं नाव सांग, आणि याच आठवड्यात जा. शाळेला रजा टाक. मुलांना आनंदच होईल.

आठ दिवसांत परत करतो म्हणून ठेवून घेतलेली तुझी दुर्बीण सोबतच्या पार्सलात आहे. पट्टा उसवला होता, तो नवा शिवून घेतला. काचा पुसल्या आहेत. काचांत काही दोष नव्हता.

मिळाली की कळव, आणि डॉक्टर काय म्हणाले तेही. अक्षर जरा मोठं काढ.

तुझा,
दादा