यादीतली सहावी ओळ

सोमवार, ३ तारीख
"तुझे हात तुझ्याआधी पोचतात गं." मी नऊ वर्षांची असताना, मी घातलेल्या कपड्यांच्या घड्यांकडे बघत आई हे म्हणाली होती. आज दिवसभर तेच आठवत राहिलं. कागद कारखान्याच्या नियंत्रण खोलीत माझा पहिला दिवस. खोली लहान, पण भरपूर उजेडाची. काचेतून खाली मोठा कटर दिसतो आणि त्यावर कागद लावणारी माझी धाकटी बहीण. तिने शब्द टाकला म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षी ही नोकरी मिळाली. तिने खालून हात हलवला, मी वरून, अगदी राणीसारखा.

सगळी यंत्रं इथून कमांड लाइनवर, म्हणजे पडद्यावर आज्ञा टाइप करून चालतात. एवढ्या आज्ञा पाठ कधी करायच्या, या विचाराने धडकी भरली होती. पण आधीच्या ऑपरेटरकाकांनी सगळ्या आज्ञांची चीटशीट संगणकात करून ठेवली आहे, आणि तीही बोलकी. दोन अक्षरं टाइप केली की जुळणाऱ्या आज्ञा समोर येतात. एक निवडली की ती विचारते, कोणतं यंत्र? खाली पाचही यंत्रांची यादी. बाणाने निवडायचं, एंटर. तयार झालेली आज्ञा वाचून बघायची, पुन्हा एंटर. फोरमन म्हणाला, बाई, तुम्ही असं झपाट्याने उरकलंत तर आम्ही पगार कशाचा घ्यायचा?

गुरुवार, ६
आता मी तयार आज्ञा वाचतही नाही. आधी निवडलेलं यंत्र आपोआप सर्वांत वर येतं. दोनदा एंटर, की झालं. जेवणाच्या सुट्टीत धाकटी वर आली होती. माझ्या बोटांकडे बघून म्हणाली, ताई, तू मशीन चालवतेयस की उवा मारतेयस?

मंगळवार, ११
'कापणी चालू.' कोणतं यंत्र? आज पाच यंत्रांखाली सहावी ओळ होती: गठ्ठे बांधणाऱ्याचा डावा हात. काकांचा आचरटपणा असेल म्हणून हसले. मग चीटशीटची फाइल उघडून पाहिली. तिच्यात यंत्रं पाचच.

बुधवार, १२
सहावी ओळ आज सर्वांत वर होती. मी ती पाहिली. पाहिली तोवर बोटं दोनदा टेकलेली.
बंद असलेल्या कटरचं पातं खाली आलं. गठ्ठे बांधणाऱ्याचा हात मनगटापासून तुटून कोऱ्या कागदाच्या थप्पीवर पडला, आणि वरून खाली एकेक पान लाल होत गेलं. फोरमन म्हणाला, स्विच बिघडला असेल.

गुरुवार, १३
घरीच थांबले. ताटाच्या कडेवर बोटं दोनदा टेकली. मी टेकवली नव्हती. तासाभराने धाकटीचा फोन. रोलरने फिटरला खांद्यापर्यंत आत ओढलं. यंत्राच्या आवाजातही हाडं मोडताना ऐकू आली म्हणाली. मग नुसतीच रडत राहिली.

संध्याकाळी काकांकडे गेले. त्यांनी दार कोपराने उघडलं. दोन्ही पंजांना बोटं नाहीत. स्वतःच छाटली— शेवटच्या अंगठ्याच्या वेळी हातकटरचा दांडा दातांत धरून. म्हणाले, ती ओळ मी लिहिलेली नाही, पोरी. चपळ हात सापडले की यादी आपली आपण भरते. माझी बोटं गेली त्या दिवशी थांबली होती. तू येईपर्यंत.

शुक्रवार, १४
कोणतं यंत्र?
खाली एकच ओळ. धाकटीची मान.

कटरपासून लांब राहावी म्हणून तिला वर बोलावलं. ओळ तशीच. टेबलावर नमुने कापायचा हातकटर आहे, लांब दांड्याचा. तिला सगळं सांगितलं. आधी हसली, मग रडली. ताई, वेड लागलंय का तुला, डॉक्टरांकडे जाऊ, म्हणाली. म्हणून ही वहीच तिच्यापुढे ठेवून लिहून दाखवतेय—

हे लिहितोय तो उजवा. डावा कीबोर्डवर आहे. उचलला जात नाही. एकदा टेकला—

धाकटे, माझे हात पात्याखाली ओढून घे आणि दांडा दाब. तू नाहीच म्हणशील. लहानपणी माझं नख कापतानासुद्धा डोळे मिटायचीस. तरी मागतेय. आधी डावा. लवकर, तो—